बांधावरचे पाइप

जबाब देणार: गावात ‘पंडित’ म्हणतात तो. वय ५३ वर्षे. धंदा: वार्ताहर. राहणार: कालव्याच्या पुलाजवळ, छापखान्याच्या वर.

ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, भाताच्या खाचरात पाणी सतत तुंबून राहिले की हवा तापवणारा वायू सुटतो. तो कमी व्हावा म्हणून सरकारने खाचरात भोकांचा पाइप रोवण्याची योजना काढली. पाइपातले पाणी वीतभर खाली गेले, की मगच कालव्याचे पाणी घ्यायचे. योजना चांगली आहे, असे मी छापलेही आहे.

पाइप रोवायला कृषी अधिकारी आले. त्यांच्या पायांत नवे बूट होते. त्यामुळे गावातले चौदाही पाइप बांधावर रोवले गेले. बांधावरचा पाइप कोरडाच राहतो. त्यावरून वायू पुरता थांबल्याचा अहवाल वर गेला, आणि पाइप कोरडे म्हणून कालव्याचे पाणी रोज सुटू लागले. खाचरे तुडुंब झाली. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण. खात्यात त्याचा नंबर अहवालानंतर लागतो.

योजना उत्तम राबवणाऱ्या जिल्ह्याला बक्षीस होते. दहा तारखेस सकाळी नऊच्या सुमारास त्याची समिती आली. गाव ज्यांना आत्या म्हणते त्या शेतकरी बाईंचा पाइप तेव्हा खाचरात मधोमध होता, काठोकाठ भरलेला. समितीने नेमका तोच पाहिला. बक्षीस गेले.

अधिकारी म्हणाले, “आत्या, तुमच्या एका पाइपानं अख्ख्या जिल्ह्याची हवा बिघडवली.”

आत्या म्हणाल्या, “साहेब, पाणी खाचरात असतं. बांधावर तुम्ही होता.”

यावरून सरकारी साधनाशी छेडछाड केल्याची तक्रार झाली. निकाल लागेपर्यंत आत्यांची पाण्याची पाळी बंद आहे. आज वीस तारीख. भात फुलोऱ्यात असून खाचराला भेगा पडल्या आहेत. आणखी चार दिवसांनी पाणी दिले तरी दाणा पोचट निघेल.

आत्यांना पाइप उपटताना पाहिले काय, असे हवालदारांनी विचारले. नाही. आत्यांचे गुडघे वाकत नाहीत. त्या बांधावरून बोट दाखवत होत्या, “पंडित, अजून पुढं हो. चिखल काय चावतो का?” पाइप मी उपटला व मीच रोवला. तरी पाळी बंद करायची ती माझी करावी. मला शेत नाही.

हवालदारांनी लेखणी थांबवून हे लिहू का, असे विचारले. मी लिहा म्हणालो.

लिहिलेले मला वाचून दाखवले. सांगितले तसेच उतरले आहे. सहीच्या जागेवर लिहिलेले ‘साक्षीदार’ खोडून दुसरा शब्द घालायला जागा राहावी, म्हणून सही जरा खाली केली आहे.