चौथी पास

तळोद्याच्या बसस्टँडवर मी नंदुरबारच्या गाडीची वाट पाहत होतो. बाकावर शेजारी पिशवी घेऊन एक वयस्क बाई बसल्या होत्या. पस्तिशीतली एक बाई त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"रंजनामावशी ना? मी मयूरी. बारा वर्षांपूर्वी प्रबंधासाठी पुण्याहून आले होते. महिनाभर तुमच्याकडे राहिले."

"अर्थशास्त्रवाली मयूरी? बस वं माय. घर घर फिरीसन कितला प्रश्न इचारे तू."

"आणि संध्याकाळी तुमच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पुण्याला आमच्या संस्थेच्या मेसमध्ये जेवताना फार आठवायची."

"तुन्हं पुस्तक पुरं व्हयनं का?"

"झालं. बायकांचं शिक्षण आणि शेतीतलं काम, असा विषय होता. आता त्याच संस्थेत शिकवते."

"मंग एक सांगू? तू मन्हं शिक्षण इचारं, तव्हय मी चौथी पास सांगं. मी शाळा कधी देखेलच नव्हती. तू इतली शिकेल, माले लाज वाटनी."

"मी काही म्हणाले नसते हो."

"तू गयी, आनि माले चैन पडेना. मन्हामुळे तुन्हा पुस्तकमा खोटं ऱ्हायी गयं. मंग मन्ही पोर काजलना जुना पुस्तकं काढात आनि तिना जोडे शिकाले बसनू. तीन वरीसमा चौथी पुरी करी."

"परीक्षा दिली?"

"काजलनीच लिधी. गणितमा दोनदा नापास करं तिनी माले."

"मग पास कधी केलं?"

"तिसऱ्यांदा. आते ते खोडू नको, माय."