घरातल्या सगळ्यांचं एकदम

डॉक्टरांनी थेंब घातल्यामुळे शिंपीण डोळे मिटून बसली होती. शेजारच्या बाकावर बहीण-भाऊ भांडत होते.

"दादा, सर्व्हेवाल्या बाईंना आपली जमात कोणती सांगितलीस?"

"कोणतीच नाही म्हणालो. घरातल्या सगळ्यांचं एकदम उरकून टाकलं."

"आईचंही? ती आत चुलीपाशीच होती ना? विचारलंस तिला?"

"तिला काय कळतंय त्यातलं! आणि आपल्या जमातीची भाषा आता बोलतं कोण? तुला तरी धड येते का?"

"कशी येणार? आई बोलायला लागली की तू धावत जाऊन दार लावायचास. चारचौघांत लाज वाटायची ना तुला! आता जमातीचा आकडा कमी भरला की शाळेतला आपल्या भाषेचा वर्ग बंद होईल."

"एका घरानं काय फरक पडतो?"

"घरोघरचा दादा हेच म्हणत असेल!"

मग शिंपिणीला तिसरा, म्हातारा आवाज ऐकू आला.

"पोरी, त्या बाईंचा नंबर आहे?"

"आहे, आई."

"लाव. म्हणावं, या घरातलं एक माणूस विचारायचं राहिलंय."

"आई, इथे कशाला? लोक बघतायत."

"बघू देत. तू ऊठ आधी. बाहेर जाऊन उभा राहा."

बाक करकरला. पावलं दाराकडे गेली.