देखण्या साइटवर न सापडलेल्या कलमा

सांगतो, ऐका. दोन हजार तेवीसचा आषाढ. संत्र्याच्या कलमा लावायचे दिवस, आणि वरूडच्या माझ्या नर्सरीत गिऱ्हाईक नाही. मुलाने अमरावतीच्या इंजिनिअरकडून वेबसाइट करवून घेतली होती, पण फोन एकही येईना. इंजिनिअर म्हणाला, "काका, एवढी देखणी साइट वऱ्हाडात नाही."

मी त्याला तायडे गुरुजींकडे नेलं. मी अंगठा लावायचो, तेव्हा सही त्यांनीच शिकवली. बदल्यात काही घेतलं नाही. आता त्यांची नजर गेली आहे. पडद्यावरचं फोनच मोठ्याने वाचतो, ते ऐकतात. त्यांना माझ्या दहा कलमा हव्या होत्या, पण कोणाच्या मदतीशिवाय मागवायच्या होत्या.

साइट उघडेपर्यंत गुरुजींचा चहा संपला. मग फोन बोलला, "चित्र. चित्र. चित्र. बटन."

"कलमा कुठी हायेत, बाबू?"

"चित्रातच लिहिलं आहे, गुरुजी. नंबरही तिथंच आहे," इंजिनिअर म्हणाला. "पण डोळ्यांनी न दिसणारं गिऱ्हाईक असं कितीक येते?"

"एक तं रोज येते. तुमचं नेटवर शोधून देणारं सर्च. त्यालेही चित्रातलं नीट दिसत नाही, अक्षरं वाचता येतात. म्हणून तुमी कोणाले सापडून नाही राहिले."

मी इंजिनिअरला म्हटलं, "चित्रं काढून टाक. रस्त्यावरच्या पाटीसारखं साधं लिही."

"देखणेपण जाईल, काका."

"ते पाहाले आलं कोण?"

आठ दिवसांनी गुरुजींकडे साइट लगेच उघडली. फोनने माझं नाव, कलमांची जात आणि नंबर वाचला. गुरुजींनी स्वतः नंबर लावला. समोरच बसलेल्या माझ्या खिशात फोन वाजला.

"दहा कलमा पाठवजो," ते म्हणाले.

सहीचं ऋण फिटलं.