काकडीचा आवाज

...आणि वर मलाच विचारते, ‘‘तुम्ही काही म्हणालात का?’’ म्हणालात का! अहो, पाऊण तास म्हणतोय! घसा बसला, चहा गार झाला, शेजारच्या गच्चीवरचा कुत्रासुद्धा माझ्या बोलण्याला कंटाळून आत गेला, आणि ही माझ्यासमोर, अगदी समोर हो, चष्मा पुसत बसलेली, मधूनमधून मान हलवतेय, मी आपला खूश, की वा, आज पटतंय हिला... आणि शेवटी हे! आता सगळेच नवरे म्हणतात, बायको माझं ऐकत नाही. मीही दोन वर्षं तेच म्हणत होतो. लोक हसायचे, पाठीवर थाप मारायचे, ‘‘आमच्याकडेही तेच!’’ नाही हो, तुमच्याकडे तेच नाही! तुमची ऐकून घेते आणि मग तिला हवं ते करते. माझ्या हिला खरोखरच ऐकू येत नव्हतं! ऐकताय ना? नाही, विचारून घेतलेलं बरं. आता सवयच लागलीये मला.

तुम्हाला सांगतो, मी घड्याळजी. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. दुकानात भिंतीवर सात घड्याळं, सातही लंबकाची, आणि चाळीस वर्षांत सातही एकदम कधी बंद पडू दिली नाहीत मी. आणि हिचा कान काय होता महाराजा! आतून, कणीक मळता मळता ओरडायची, ‘‘अहो, तिसरं मागे पडतंय!’’ मी भिंग लावून बघतो तर खरंच, तिसरं मागे! पाटी माझी, कान हिचे, असा आमचा धंदा.

आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस त्यातलं मोठं घड्याळ बंद पडलं. सकाळी पडलं. ही त्याच्याखालून चार वेळा गेली... एकदा तर खाली उभं राहून झाडून घेतलं. काही नाही. मला वाटलं, रुसलीये! आता का रुसली ते आठवेना, म्हणून सरसकट माफी मागितली. दोनदा मागितली. तीसुद्धा हिला ऐकू आली नाही.

बरं, जेवणाचं वेगळंच. ‘‘हल्ली सगळं मऊमऊ लागतं हो, चावल्यासारखं वाटतच नाही.’’ निम्मं ताट तसंच ठेवून उठायची. मला वाटलं दात! नेलं दातांच्या डॉक्टरकडे. तो तपासून बाहेर आला आणि मला म्हणतो, ‘‘काका, दात दगडासारखे आहेत. यांना कानांच्या डॉक्टरकडे न्या. मी तीनदा ‘आ करा’ म्हटलं, तीनदा म्हणाल्या, ‘हो, आता बरा आहे.’ मी कधी आजारी होतो?’’

मग कानांच्या मॅडम. त्यांनी तपासलं, मोजलं, आणि हे एवढंसं, शेंगदाण्याएवढं मशीन हिच्या कानात बसवलं. म्हणाल्या, महिनाभर वापरून बघा, नाहीच जमलं तर अमुक शनिवारी पाचच्या आत परत आणा. मी म्हटलं, परत कशाला आणतोय! घरी आलो. अर्ध्या तासात हिने ते काढून टेबलावर ठेवलं. ‘‘नळ सोडला की अंगावर येतो, पेपरचं पान उलटलंत की पत्रा फाटतो, तुमची ती सात घड्याळं डोक्यात ठोकतात, आणि तुम्ही... तुम्ही तर बोलूच नका!’’ आणि उचललं मशीन, आणि कुठे ठेवलं माहितीये? माझ्या दुरुस्त न होणाऱ्या घड्याळांच्या खणात. मला फार लागलं हो ते. ऐकताय ना?

एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. मशीन खणात. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘काका, एकदम सगळे आवाज नकोत. घर शांत करा आणि त्यांच्या आवडीच्या एकाच आवाजापासून सुरुवात करा. त्यांना कुठला आवाज आवडतो?’’ मी म्हटलं, ‘‘माझा.’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘दुसरा?’’

आता आली का पंचाईत! चाळीस वर्षं संसार केला, हिला कुठला आवाज आवडतो ते मला माहीत नाही! मुलीला फोन केला, ती परगावी असते. ती म्हणते, ‘‘बाबा, मला काय विचारता? आईलाच विचारा ना!’’ अगं, विचारलं ना! ‘‘तुला कुठला आवाज आवडतो?’’ तर म्हणते, ‘‘कुठला रिवाज? कोणाकडचा?’’

त्या दिवशी दुपारी दुकानात बसलो होतो. उन्हाने रस्ता पांढरा पडलेला, गिऱ्हाईक नाही. आणि आठवलं. नवीन लग्न झालेलं, असाच उन्हाळा, आणि ही काकडीच्या फोडींची ताटली घेऊन माझ्या बाकाशेजारी स्टुलावर येऊन बसायची. कर्रकन खायची. मुद्दाम, मोठ्याने, आणि हसायची! मी डोळ्याला भिंग, कानाशी घड्याळ, आणि बाजूला कर्र... कर्र... एक दिवस मी खेकसलो, ‘‘जरा हळू खा गं, टिकटिक ऐकू येत नाहीये!’’ ती ताटली घेऊन उठली, पडद्याआड गेली, आणि पुन्हा कधी बाकाशी खायला आली नाही. एका वाक्यावर! आणि मी ते विसरूनही गेलो होतो. चाळीस वर्षं विसरलो होतो हो... वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.

झालं, ठरवलं. मुलीला म्हटलं, जगातला सगळ्यात कुरकुरीत पदार्थ सांग. ती म्हणाली, ‘‘सॅलड करा बाबा. गार कलिंगड, काकडी, हिरवं सफरचंद, पुदिना, कोथिंबीर, लिंबू, वरून भाजलेले दाणे. काही शिजवायचं नाही, तुम्हालासुद्धा जमेल.’’ ‘तुम्हालासुद्धा’!

बाजारात गेलो. कलिंगडांचा ढीग. मी एकेक उचलून कानाशी धरतोय, टिचकी मारतोय, ऐकतोय. भाजीवाल्या मावशी कमरेवर हात ठेवून बघतायत. ‘‘ओ घड्याळवाले, कलिंगड आहे ते! चावी द्यायची नाहीये त्याला!’’ मी म्हटलं, मावशी, आवाज बरोबर आल्याशिवाय मी माल सोडत नाही. सातवं पसंत पडलं. मग काकडी. तीही कानाशी नेऊन मोडली, कट्टकन. मावशी ओरडल्या, ‘‘मोडलीत ती घ्यावी लागेल!’’ अहो, तीच तर घ्यायचीये!

घरी आलो. स्वयंपाकघर माझ्या ओळखीचं नाही. विचारलं, ‘‘अगं, लिंबू आहे का?’’ तर म्हणते, ‘‘थांबू? कशाला थांबू? मला कपडे वाळत घालायचेत.’’ म्हटलं, ‘‘बरं, पुदिना कशात धुऊ?’’ ‘‘पुन्हा ना? आत्ता तर झाला तुमचा चहा!’’ मग मी जरा जोरात, ‘‘कोथिंबीर!’’ ही मटकन खाली बसली. ‘‘कोण गंभीर? अहो, कोणाला काय झालं?’’ चप्पल पायात घालून दारापर्यंत गेली हो! कोथिंबिरीची जुडी नाचवून दाखवली तेव्हा परत फिरली. पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या. सारखं असं अर्धवट कळत असेल, तर केवढी भीती वाटत असेल हो दिवसभर... माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो शुक्रवार होता. शनिवारी पाचला मशीन परत! आणि शुक्रवारी मी काय करून ठेवलं ऐका. आमच्या धंद्यात कसं, तेल आधी, झाकण शेवटी. त्याच हिशेबाने सकाळी नऊला सगळं चिरलं, मीठ घातलं, लिंबू पिळलं, झाकण लावलं, आणि रुबाबात दुकानात जाऊन बसलो. दुपारी झाकण काढलं तर आत तळं! काकडीची चिंधी झालेली, सफरचंद मरगळलेलं, कलिंगड विरघळायच्या बेतात. तोंडात घातलं, आवाज नाही! शून्य! धावत मावशींकडे. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, ‘‘अहो, मीठ शेवटी! घास तोंडात जायच्या आधी! मीठ पाणी ओढून काढतं, एवढं कसं कळत नाही?’’ कसं कळणार? आजवर कुठल्या घड्याळात मीठ घातलंय मी? ऐकताय ना?

शनिवार. डोळ्याला भिंग लावून बसलो. काकडी चिरली, प्रत्येक चकती सारख्या जाडीची, वाटल्यास मोजून घ्या. काकडी आणि सफरचंद वीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात, एकविसावं नाही. पुदिन्याचं एकेक पान घड्याळाची काच पुसायच्या कापडाने कोरडं केलं, नवं होतं हो कापड, तोंडं वाकडी करू नका. कलिंगडाच्या बिया चिमट्याने काढल्या. दाणे भाजले, थोडे जळले, ते मी खाल्ले.

आणि मग दुकानात गेलो, आणि एकेका घड्याळाचा लंबक हाताने धरून थांबवला. सातही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटचा लंबक धरला तेव्हा घर इतकं गप्प झालं, की माझं मलाच कसंतरी झालं. नळ घट्ट केला. पंखा बंद. पेपर लपवला. हिला माझ्या बाकाशेजारी त्या जुन्या स्टुलावर आणून बसवलं, खणातून मशीन काढलं आणि तळहातावर धरलं. ती मानेनेच नाही म्हणाली. ‘‘परत सगळं अंगावर येईल हो.’’ मी हात जोडले. एकदाच! मग तिने ते कानात घातलं. मी सगळ्यावर मीठ भुरभुरलं, मिरपूड घातली, लिंबू पिळलं, ताटली पुढे केली, आणि... आता तुम्हाला खोटं वाटेल, पण मी एक अक्षर बोललो नाही. ओठ दाबून उभा होतो. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम ते!

तिने काकडी उचलली. कर्र.

थांबली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा चावली, हळू. कर्र... कर्र... मग सफरचंद, मग दाणा, मग पुदिन्यासकट कलिंगड, मग पुन्हा काकडी, आणि हसायलाच लागली! तोंड भरलेलं, हसतेय, डोळे पुसतेय. ‘‘अहो, ही वाजते!’’ म्हणाली. ‘‘चव लागतेय हो मला!’’ आणि मधेच मान वर केली, भिंतीकडे बघितलं, कपाळाला आठी. म्हणाली, ‘‘घड्याळं बंद का आहेत?’’

तुम्हाला काय सांगू... मला पाठ फिरवून उभं राहावं लागलं. मग एकेक लंबक सोडला. ती बसल्या जागेवरून सांगत होती, ‘‘हळूहळू सोडा, एकेक सोडा, हां, आता दुसरं.’’ सातही सुरू झाली. पाच वाजून गेले. मशीन कुणी परत नेलं नाही. आणि ती म्हणाली, ‘‘तिसरं अजून मागेच पडतंय.’’

आणि मग माझा बांध फुटला! दोन वर्षांचं साचलेलं हो! मोठं घड्याळ बंद पडलं ते, माफी मागितली ती, दातांचा डॉक्टर, कोण काय म्हणालं, कोण कुठे भेटलं... दहा मिनिटं झाली असतील, हिचा हात कानाकडे जायला लागला! मी गयावया केली. तर म्हणाली, ‘‘बरं, नाही काढत. पण रोज दुपारी हे सॅलड करायचं. आणि मी एकटी नाही खाणार, तुम्हीही इथेच माझ्याबरोबर बसून खायचं.’’ मी खूश! रोज दुपारी बाकाशी, दोघं शेजारीशेजारी, ही ऐकतेय, मी बोलतोय! दुसऱ्या दिवशी पहिला घास घेतला तेव्हा लक्षात आलं. तोंडात काकडी असताना माणूस बोलणार कसा?

तरी गालात घास सरकवून मी म्हटलं, ‘‘अगं, तुला सांगायचं राहिलं...’’ तर ही, अगदी शांतपणे, चावता चावता, माझ्याकडे न बघता म्हणते कशी, ‘‘जरा हळू हो. काकडी ऐकू येत नाहीये.’’

बसलो गप्प. काय करता! चाळीस वर्षांनी का होईना, परतफेड झाली. आता रोज दुपारी आम्ही दोघं कर्रकर्र करत बसतो, छान वाटतं, खोटं कशाला बोलू... पण मग माझ्या पोटात साचलेलं मी सांगायचं कुणाला? म्हणून तर तुम्हाला पकडलंय. ऐकताय ना?