दुसऱ्याच्या पायांचा नवस

सन्माननीय अध्यक्ष यशवंतरावजी, प्रमुख पाहुण्या अल्पनाताई, व्यासपीठावर विराजमान आपल्या मराठी मंडळाचे सर्व पदाधिकारी, धार-इंदूरहून अगत्याने आलेली पाहुणेमंडळी, देवासच्या समस्त बंधुभगिनींनो, आणि ज्यांना माझे मराठी अर्धेच कळणार आहे अशा, मागे उभ्या असलेल्या आपल्याच घरच्या मुलामुलींनो, तुम्हां सर्वांना जानकीबाईचा सविनय नमस्कार.

सूत्रसंचालक माझ्या कानात म्हणाले, "आत्याबाई, बस दो शब्द बोल दीजिए." दोन शब्दांत आटोपायची माझी सवय नाही, हे धारच्या माझ्या विद्यार्थिनींना विचारा. पण बोलावलेत, तर आता ऐकून घ्या.

आज जिचा गौरवही आहे आणि निरोपही, ती विद्युल्लता माझ्या भावाची मुलगी. तिची आई लवकर गेली, भाऊ फिरतीच्या नोकरीत, म्हणून ती माझ्याजवळ धारला वाढली. सहा महिने ती अंतराळ स्थानकात राहून आली याचा मंडळाला अभिमान वाटतो. वाटायलाच हवा. मंडळाने चौकाचौकात फलक लावले. त्यावर विद्यूपेक्षा यशवंतरावांचा फोटो मोठा होता, पण ती छापणाऱ्याची चूक असणार.

तिथे ती दिवसभर काय करत होती, हे मात्र कुणी फारसे विचारले नाही. आपल्या भगिनींनी विचारले ते एवढेच, की तिथे म्हणे घामाचे आणि लघवीचेसुद्धा पाणी शुद्ध करून पितात, मग सोवळ्याओवळ्याचे काय? मी म्हटले, बायांनो, जिथे पाणी ओतले तरी खाली पडत नाही, त्याचा गोळा होऊन हवेत तरंगतो, तिथे सोवळे वाळत कुठे घालणार?

सकाळी डोळे उघडायच्या आत खालून दिवसाचे वेळापत्रक गेलेले असायचे. आज कोणता प्रयोग, कोणत्या पंख्याची जाळी पुसायची, संडासाची टाकी कुणी बदलायची. हो, संडासाची टाकीसुद्धा तीच बदलायची. शनिवारी सगळ्यांनी मिळून झाडलोट. हरवलेला चमचा सापडायचा तो हवा ओढणाऱ्या जाळीला चिकटलेला. शेव न्यायला परवानगी नव्हती, कारण चुरा उडून यंत्रात जातो. माळव्याची पोरगी सहा महिने शेवेवाचून राहिली. माझ्या लेखी तपश्चर्या म्हणतात ती हीच.

आणि रोज दोन तास व्यायाम. यातून सुटका नाही. तिथे शरीराला वजन नसते, हाडांवर भार पडत नाही, आणि भार नसला की हाडे आतून झिजतात. म्हणून खांद्यांना आणि कमरेला पट्टे बांधून, स्वतःला खाली ओढून धरून पळायचे. खांद्यांवर वळ उठत. रविवारी व्हिडिओवर ते मला दिसले. मी म्हटले, "एखाद्या दिवशी राहू दे ना गं." तर म्हणाली, "आत्या, मला पुन्हा यायचंय इथे. हाडं शाबूत राहिली तरच पाठवतील." आणि तसेच ठरले होते. पुढच्या मोहिमेच्या तुकडीत तिचे नाव आले होते.

आता मंडळाच्या कार्याविषयी बोलले पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल.

विद्यू अजून वरच होती, तेव्हा आपले पदाधिकारी गावच्या टेकडीवर गेले आणि तिथल्या देवीला नवस बोलले. विद्युल्लता सुखरूप परतली की ती स्वतः अनवाणी, पायऱ्या चढून येईल आणि देवीची ओटी भरेल. भावना उत्तमच होती. पण मला एक सांगा, नवस बोलणाऱ्याने स्वतःच्या पायांचा बोलावा, की दुसऱ्याच्या? तिला कुणी विचारले नाही. मला तर वर्तमानपत्र वाचून कळले.

ती परतली तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते, हाडे भरून यायला वेळ लागतो, तोवर पडायचे नाही, गर्दीत जायचे नाही, कठड्याशिवाय पायऱ्या चढायच्या नाहीत. विद्यूने यशवंतरावांना नम्रपणे विचारले, "काका, मी रोपवेने आले तर?" अध्यक्ष म्हणाले, "अगं, आकाशात जाऊन आलीस आणि टेकडी जड झाली? लोक काय म्हणतील? देवीला मी काय सांगू?" चॅनलवाले आले होते, ढोल सांगितले होते. मी मध्ये पडले, तेव्हा आपले कार्यकर्ते संग्राम मला म्हणाले, "आत्याजी, टेन्शन मत लो, हम पकड़ लेंगे ना."

पायऱ्यांवर नारळाचे पाणी सांडले होते. कुणीतरी फोटोसाठी तिचा हात ओढला, आणि ती घसरली. पकडणार होते त्या सगळ्यांच्या हातांत त्या वेळी मोबाईल होते. खुब्याचे हाड मोडले. ती पायरीवर पडून विव्हळत होती, आणि खाली ढोल वाजतच होते, कारण त्यांना थांबा म्हणायला कुणी गेले नाही.

इंदूरला शस्त्रक्रिया झाली. आपण सर्वजण भेटायला आलात, फळे आणलीत, उपकार आहेत. एक भगिनी म्हणाल्या, देवीची इच्छा. दुसऱ्या म्हणाल्या, नवसात काही कमी राहिले असणार, ओटीत बांगड्या नव्हत्या. मी ऐकून घेतले. मोहिमेच्या कार्यालयातून फोन आला तेव्हा मात्र तुमच्यापैकी तिथे कुणी नव्हते. तिच्या जागी दुसऱ्याचे नाव गेले होते. फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून निजली. संध्याकाळी मला म्हणाली, "आत्या, मी एक दिवस चुकवला नव्हता गं." मला रडू आले. आताही येते आहे, पण मी ते आवरते.

उद्या ती बंगळूरला निघते. जमिनीवर बसून वरच्या मंडळींचे दिवस आखायचे, हे काम तिला दिले आहे. वर कुणी पळायला कंटाळले, तर ती खालून आठवण करून देईल. काम चांगलेच आहे. ती करीलही नीट. तिला हवे होते ते हे नव्हे, एवढेच.

हे सारे मी आज बोलणार नव्हते. खरेच नव्हते. आभार मानून खाली बसायचे असे ठरवून आले होते. पण मघाशी अध्यक्षांनी आपल्या भाषणात जाहीर केले, की विद्यूच्या पायाला आराम पडावा म्हणून मंडळाने पुन्हा नवस बोलला आहे. बरी झाली की तीच पायऱ्या चढून येणार. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. माझ्याशेजारी बसलेल्या विद्यूने माझा हात घट्ट धरला. मोठ्यांना नाही म्हणायला मीच तिला शिकवलेले नाही.

मी घरी घट बसवणारी बाई आहे. देवीला मानते आणि भितेही. बोललेला नवस मोडू नये, हे मला तुमच्याकडून शिकायचे नाही. तरीही तिच्या नावाने बोललेला, तिने न बोललेला हा नवस मी आज, या सभेच्या देखत मोडते आहे. कोप व्हायचा असेल तर तो माझ्यावर होवो. माझे जायचे दिवस आले, तिचे जगायचे दिवस अजून बाकी आहेत. यशवंतराव, ओटी तुम्ही अवश्य भरा. टेकडी जवळच आहे आणि पाय तुमचे धडधाकट आहेत.

मंडळाने मला बोलू दिले, पाहुण्यांनी धीराने ऐकले, फराळाची व्यवस्थाही चोख आहे असे कळते, त्याबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोलण्याच्या भरात अधिक-उणे झाले असेल, तर त्याची क्षमा मी उद्या सकाळी रोपवेने वर जाऊन देवीजवळ मागणार आहे. तुमच्याजवळ मागत नाही. नमस्कार.