इस्त्रीखालचं कापड

छातीच्या एक्स-रेसाठी बाकावर बसलो होतो. मागे एकाच कारखान्यातले दोन भट्टीवाले बोलत होते.

“भट्टीपुढं आता काचेच्या धाग्याचं कापड आलंय, काका. ॲस्बेस्टॉसचं कापड कायमचं बंद.”

“नवं हाताला टोचतं रे. जुनं कसं मऊ होतं.”

“मऊ होतं, पण त्याची धूळ छातीत जाऊन बसते. म्हणून तर इथं बोलावलंय आपल्याला.”

“मी एक तुकडा घरी नेला होता. तुझी काकू इस्त्रीखाली अंथरायची.”

“फेकलात ना तो?”

“चांगलं कापड कोण फेकतं?”

“म्हणजे अजून आहे?”

“सून नातीच्या गणवेशाला त्यावरच इस्त्री करते. कडा विरल्यात, म्हणून आधी झटकून घेते.”

“काका, तिला फोन लावा.”

“तू धुळीचं म्हणालास तेव्हापासून लावतोय. इस्त्री करताना ती उचलत नाही.”