निळी वायर

अगं, परवाची गंमत सांगते. आमचे हे घरीच लग्नांचे व्हिडिओ बनवतात. कॉम्प्युटरच्या फाइली साठवायला हार्ड डिस्कचा नवा डबा आणला, फाइली फास्ट जाव्यात म्हणून खास जाड निळी वायर जोडली, तरी कॉम्प्युटरवरून फाइल सरकेना. संध्याकाळी गिऱ्हाइकाला व्हिडिओ द्यायचा होता.

"वाट लागली! हा डबाच खराब निघालाय. परत करतो," हे वैतागले.

मग मला बोलावंच लागलं. "अहो, बाळ ती निळी वायर चावत होतं. मला धडकीच भरली. मी ती काढून जुनी वायर कपाटामागून नेऊन लावली. टोकं सारखीच होती ना!"

"आणि नवी?"

मी गॅलरीकडे बोट दाखवलं. निळ्या वायरवर बाळाचे लंगोट वाळत होते.

ह्यांनी ती सोडवून उंचावरून जोडली. फाइल धडाधड गेली. मग खो खो हसत म्हणाले, "तरीच लंगोट एवढे फास्ट वाळत होते!"